गाडी १,५०० किलो ओढते, मग १,४५० किलोची जुनी कॅरव्हॅन घ्यायला काय हरकत आहे?

तुम्ही इंग्लंडात राहता, घरात चौघं आहात आणि गाडी पेट्रोलची ऑक्टेव्हिया इस्टेट आहे, कर्बवेट, म्हणजे प्रवासी-सामानाशिवाय गाडीचं वजन, १,३५० किलो. २००९ ची चार बर्थची कॅरव्हॅन स्वस्तात मिळतेय, तिच्या पाटीवर १,४५० किलो लिहिलंय. विकणारा म्हणतो, "तुमची गाडी १,५०० ओढते, बिनधास्त घ्या." घ्यावी का, असा तुमचा प्रश्न.

माझं मत स्पष्ट आहे: ही घेऊ नका. विकणारा खोटं बोलत नाहीये. पण गाडी काय ओढू शकते हे एक आणि काय सांभाळू शकते हे दुसरं. तो फक्त पहिल्याबद्दल बोलतोय.

आधी हा १,५०० आला कुठून ते बघा. तुम्ही गाडीच्या प्लेटवरचे जे चार आकडे दिलेत, त्यात वरचे दोन, १,८८० आणि ३,३८०, महत्त्वाचे. १,८८० म्हणजे माणसं-सामानासकट गाडीचं कमाल वजन. ३,३८० म्हणजे गाडी आणि कॅरव्हॅन दोन्ही मिळून कमाल वजन. वजाबाकी केली की १,५०० उरतात. खालचे दोन आकडे पुढच्या-मागच्या ॲक्सलचे असतात. लॉगबुकात, म्हणजे व्ही५सी मध्ये, ओ.१ या रकान्यातही ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा मिळते. (काही गाड्यांना ओढण्याची परवानगीच नसते. निसान लीफची जुनी मॉडेल्स त्यातलीच.)

कंपन्या हा आकडा ठरवतात तेव्हा एक कसोटी चढाची असते: जोडलेल्या वजनासकट १२ टक्के चढावर थांबलेली गाडी पाच मिनिटांत पाच वेळा पुन्हा निघाली पाहिजे. म्हणजे इंजिन आणि क्लचच्या दमाची परीक्षा. एम६२ मोटरवेवर पेनाइन्सच्या डोंगरातल्या वाऱ्यात बाजूने भला मोठा ट्रक निघून गेला आणि मागची कॅरव्हॅन डुलायला लागली, तर तुमची गाडी तिला आवरेल की तीच गाडीला ओढत नेईल, हे या कसोटीतून कळत नाही.

ते ठरतं दोघींच्या वजनाच्या प्रमाणावर. इथले दोन्ही मोठे कॅरव्हॅन क्लब नवख्यांना सांगतात की कॅरव्हॅनचं भरलेलं कमाल वजन गाडीच्या कर्बवेटच्या ८५ टक्क्यांपर्यंत ठेवा, अनुभवी माणसानेही १०० टक्क्यांपलीकडे जाऊ नये. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण मी तो कायद्यासारखाच पाळतो. तुमच्या गाडीला ८५ टक्के म्हणजे साधारण १,१४७ किलो. समोर आलेली कॅरव्हॅन १०७ टक्के भरते. मागे मुलं बसणार आहेत, तेव्हा त्या स्वस्ताईचा मोह सोडा.

लायसन्सची अडचण आता नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे येऊन परीक्षा देऊन लायसन्स काढलेलं असतं, म्हणजे १९९७ नंतरचं. पूर्वी अशांना मोठ्या कॅरव्हॅनसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. १६ डिसेंबर २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर त्याच लायसन्सवर चालतो. मला मात्र यामुळे काळजीच जास्त वाटते, कारण हिशोब करायला लावणारा एक टप्पा गेला.

आता तुमचा शोध. १,१४७ च्या आत एमटीपीएलएम असलेलीच कॅरव्हॅन बघायला जायचं. एमटीपीएलएम म्हणजे सगळं भरून तिचं कमाल वजन. तो आकडा दाराजवळच्या पाटीवर असतो. जाहिरातीत पुष्कळदा रिकामं वजन, म्हणजे मिरो, टाकलेलं असतं. फोनवरच विचारा, "पाटीचा फोटो पाठवा." टाळाटाळ झाली तर तिथे जाऊच नका.

या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुम्हाला सामान भरायला मिळालेली जागा, आणि माझ्या मते जुनी कॅरव्हॅन घेताना लोक सर्वांत जास्त इथेच फसतात. समजा, पाटीवर १,१२० आणि रिकामं वजन ९८०. हातात १४० किलो आले. आधीच्या मालकाने ढकलायची मोटर, म्हणजे मूव्हर, बसवला असेल तर ३५ च्या आसपास गेले. बॅटरी वीस-पंचवीस. पुढचा तंबू, म्हणजे ऑनिंग, खांबांसकट तितकाच. गॅसचा जास्तीचा सिलिंडर १५. उरले चाळीस किलो, आणि त्यात चौघांचे कपडे, पांघरुणं, खुर्च्या, कुकर, तांदूळ, पोहे, कणीक, तेल! आपण बाहेर पडतो ते अर्धं स्वयंपाकघर घेऊनच, मला ते फार आवडतंही. फक्त जड डबे आणि खुर्च्या गाडीत ठेवा, गाडीचे १,८८० ओलांडणार नाहीत हे बघून. मागची गाडी हलकी आणि पुढची जड हेच आपल्या फायद्याचं. पाण्याचा ड्रम साइटवर पोचल्यावर भरा, ४० लिटर म्हणजे ४० किलो. आणि पहिल्या मोठ्या सहलीआधी सगळं भरून सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा जाऊन या. अंदाजावर राहू नका.

कॅरव्हॅनच्या नाकाचा भारही बघावा लागतो. तिच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार टोबॉलवर, म्हणजे गाडीमागच्या जोडायच्या गोळ्यावर यावा, कमी पडला तर ती डुलते. गाडी, टोबार (गोळा बसवलेला दांडा) आणि हिच (कॅरव्हॅनच्या टोकाची जोडणी) या तिघांपैकी सर्वांत कमी मर्यादा ज्याची, ती खरी. तुमच्या हँडबुकात ७५ किलो असेल, तर १,१०० किलोची कॅरव्हॅन त्यात बसते. १,४५० ची अगदी ५ टक्क्यांवर ठेवली तरच, तीही जेमतेम.

हलक्यांमध्ये बेलीची ओरायन आणि एल्डिसची एक्सप्लोर या मालिका बघा. लुनारच्या कॅरव्हॅनही हलक्या म्हणून ओळखल्या जातात, पण ती कंपनी २०१९ मध्ये बुडाली, तेव्हा सुट्या भागांची चौकशी आधी करा.

वजन जमलं की ओल. जुन्या कॅरव्हॅनचं आयुष्य तीच संपवते. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर बघायला जा. दार उघडताच आतला वास घ्या. अगरबत्तीसारखा उग्र सुगंध आला तर तो काय झाकतोय याचा विचार करा. वरच्या कपाटांच्या आतले कोपरे, पुढच्या खिडकीखालचा भाग, बाथरूमचे सांधे अंगठ्याने दाबा. भिंत मऊ लागली किंवा पायाखाली जमीन लवली, की थांबायचं. ओल मोजायचं मीटर मागवा: १५ टक्क्यांखाली ठीक, २० च्या वर दुरुस्ती लागणार, ३० च्या वर आतलं लाकूड कुजलेलं असू शकतं. गॅस, वीज आणि ओल तिन्ही तपासणारी हॅबिटेशन सर्व्हिस अलीकडे झाली असेल तर कागद मागा.

टायरवर नक्षी भरपूर दिसली म्हणून खूश होऊ नका. उभ्या-उभ्याच ते म्हातारे होतात. बाजूच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. सात वर्षांवरचे असतील तर बदलायचा खर्च किमतीतून कमी करून मागा.

इथे कॅरव्हॅनची डीव्हीएलएकडे, म्हणजे सरकारी वाहन खात्याकडे, नोंद नसते, म्हणून चोरीचा माल विकणं सोपं. १९९२ पासूनच्या ब्रिटिश कॅरव्हॅनच्या काचांवर १७ अक्षर-अंकांचा नंबर कोरलेला असतो. तो सगळ्या खिडक्यांवर सारखा आहे ना, कागदाशी जुळतो ना, ते बघा आणि पैसे देण्याआधी त्या नंबरावर क्रिसची, म्हणजे कॅरव्हॅनची नोंद ठेवणाऱ्या योजनेची, तपासणी करून घ्या. चोरी आणि थकलेलं कर्ज दोन्ही त्यात कळतं. व्यवहार विकणाऱ्याच्या घरीच करा, रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये नको.

टोबारचं बजेट आत्ताच वेगळं काढा. ऑक्टेव्हियाला तिच्याच मॉडेलसाठीची वायरिंग आणि १३ पिनांचं सॉकेट लावून घ्या, आणि ते झाल्यावर ट्रेलर स्टॅबिलिटी, म्हणजे डुलणं आवरणारी गाडीतली यंत्रणा, चालू करून मिळेल का ते फिटरला विचारा. कधी डुलणं सुरू झालंच, तर स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूच सोडायचा, ब्रेक दाबायचा नाही. हे घरातल्या दुसऱ्या ड्रायव्हरलाही निघण्याआधीच सांगून ठेवा.