कोठवर, असं विचारायची प्रार्थना

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

बाबा दवाखान्यात आहेत आणि प्रार्थनेला डोळे मिटले की शब्दच सुचत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. मग शब्द उसने घे. यात कमीपणा काहीच नाही. बायबलात योना संदेष्ट्याने माशाच्या पोटात केलेली प्रार्थना काढून बघ. तुझ्या लाटा माझ्यावरून गेल्या, हे त्याचे शब्द स्तोत्रसंहितेतल्या ४२व्या स्तोत्रातही जसेच्या तसे आहेत. वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलं तेही २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य.

तू १३वं स्तोत्र घे. सहाच वचनं आहेत. आठवडाभर तेच ठेव, रोज नवीन शोधत बसू नकोस. पानं उलटण्यातच वेळ जातो आणि प्रार्थना राहून जाते. मोठ्याने वाच, वॉर्डात असलीस तर नुसते ओठ हलव. पहिल्या दोन वचनांत देवाला ‘कोठवर’ असं चार वेळा विचारलेलं आहे. प्रत्येक वेळी थांब आणि तिथे तुझं घाल. कोठवर हा ताप? कोठवर रिपोर्टची वाट बघायची? कोठवर बाकड्यावर रात्र काढायची? बारीकसारीक वाटलं तरी नाव घेऊन सांग. तिसऱ्या-चौथ्या वचनात मागणं आहे, डोळ्यांना प्रकाश दे असं. तिथे त्या दिवसाची एकच गोष्ट माग. यादी वाचायला लागलीस की स्तोत्र सुटतं आणि काळजीच पुन्हा बोलायला लागते.

मग पाचव्या वचनाच्या तोंडाशी एक ‘पण’ येतो. पण मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. नीट बघ, चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये काहीही घडलेलं नाही. शत्रू गेला, दुखणं उतरलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तो ‘पण’ म्हणायच्या आधी दोनचार श्वास गप्प बस.

बहुतेकांचं बिघडतं ते इथेच. कॅलेंडरवर छापलेलं भरवशाचं वचन तेवढं उचलायचं आणि वरची तक्रार गाळायची. देवाशी असं बोलणं बरं दिसत नाही, अशी भीती असते. पण स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचाच आहे. रडणं पोटात ठेवून भरवसा म्हटला, की तो दोन दिवसांत पोपटपंची होतो. आणि एखाद्या रात्री पाचवं वचन तोंडातून निघतच नसेल तर ओढूनताणून म्हणू नकोस. त्या रात्री ८८वं वाच. हेमान एज्राहीच्या नावावर असलेलं ते स्तोत्र शेवटी अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात, म्हणजे बायबलात, आहे. अंधारातला तो माणूसही सुरुवातीला ‘माझ्या तारणाऱ्या देवा’ अशीच हाक मारतो. एवढी हाक पुरते.

भाषेचंही सांगते. छापील मराठी जड वाटत असेल, तर एकदा जसं आहे तसं वाच आणि लगेच घरच्या बोलीत म्हण. १३व्यातल्या ‘आपले मुख लपवणार’ ऐवजी ‘तोंड का फिरवलंस?’ चालेल. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून कितीतरी वर्षं बायबलच्या भाषांतराला बसल्या, ते साध्या बायकांना आपल्या मराठीत शास्त्र कळावं म्हणूनच. मूळ वचन डावलू मात्र नकोस, नाहीतर आठ दिवसांनी उरतील ते फक्त तुझे शब्द, आणि ते संपले म्हणून तर पत्र लिहिलंस.

दोन स्तोत्रं सध्या बाजूला ठेव. ३८वं दुखणं आणि पाप एकत्र बांधतं. आजाऱ्याच्या उशाशी ते नको. याने पाप केलं की याच्या आईबापांनी, हा प्रश्न शिष्यांनी योहानाच्या शुभवर्तमानात, ९व्या अध्यायात, एका जन्मांधाबद्दल विचारला आणि प्रभूने दोन्हीला नाही म्हटलं. दुसरं ९१वं, देव सांभाळेल असं सांगणारं. लोक ते ताईत बांधल्यासारखं पाठवतील. स्तोत्र सुंदरच आहे, पण त्यातल्याच ओळी मत्तय ४ मध्ये सैतान प्रभूला ऐकवतो, उडी मार म्हणून. हमीपत्र म्हणून वापरलंस, तर रिपोर्ट वाईट आला त्या दिवशी देवही खोटा वाटेल. नातेवाईक फिरकले नाहीत याचा राग असेल तर ५५वं आहे, जिवलगानेच दगा दिल्याचं. तो राग मनात घेऊन बाबांजवळ बसण्यापेक्षा तिथे ओत.

बाबांना ऐकवायला मात्र २३वं. आधी विचार, वाचू का म्हणून; थकलेल्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक हवी. सावकाश, दीड-दोन मिनिटं लागू देत. पहिल्या तीन वचनांत दावीद देवाबद्दल बोलतो: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्यात काळोखाची दरी येते आणि तिथे ‘तो’चा ‘तू’ होतो. तू माझ्याबरोबर आहेस. त्या ‘तू’वर आवाज किंचित खाली आण, बाबांचा हात हातात असला तर उत्तम.

तुझ्या जेवणाचं पत्रात काहीच नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. १ राजे १९ वाच: निखाऱ्यावरची भाकर, पाण्याचं भांडं, झोप, मग पुन्हा भाकर. देवाने विचारपूस केली ती त्यानंतर. मंडळीत पाळकबाईंना सांग, एक दिवसाआड कोणीतरी रात्री बाबांपाशी थांबेल. त्या रात्री घरी जाऊन झोप, १३वं स्तोत्र सकाळी वाचलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी