नव्या सिस्टरला, ऑन्को (कॅन्सरच्या) वॉर्डातून

अगं, परवा ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये रडत होतीस. म्हणालीस, "मी या कामासाठी कच्चीच आहे." कच्ची नाहीस. काय करायला हवं ते कळतं आणि करता येत नाही, तेव्हा हे असं होतं. नर्सिंगमधल्या नीतीवर लिहिणाऱ्या अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये याला 'मॉरल डिस्ट्रेस', म्हणजे नैतिक घुसमट, म्हटलं. नुसता थकवा असता तर सुट्टी घेऊन गेला असता.

माझ्या वाट्याला आधी आल्या एक आजी. मुलांनी बजावलेलं, "आईला कॅन्सर म्हणून सांगायचं नाही." आणि सलाइन लावताना आजी माझं मनगट धरून विचारायच्या, "पोरी, खरं सांग, मला झालंय काय?" मी "डॉक्टर सांगतील" म्हणून सटकायचे. आता स्टूल ओढून बसते. "तुम्हाला काय वाटतंय, आजी?" विचारते. जे ऐकते ते राउंडला डॉक्टरांच्या कानावर घालते, नोट्समध्येही लिहिते. निदान सांगणं आपल्या हातात नाही, पण खोटंही बोलत नाही.

मॉर्फिनचं, म्हणजे त्या जबर दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं, तेच. "सवय लागेल" म्हणून नातेवाईक अडवतात. वाद घालू नकोस, समजावायला डॉक्टरांनाच बोलव. दुखण्याचा दहापैकी आकडा वेळेसकट चार्टवर टाक आणि चढला की फोन लाव, रात्रीचे दोन वाजले असले तरी. बोलणी बसतील. बसू देत. आणि मॉर्फिनने पोट बांधतं, तर पोट साफ व्हायचं औषध सोबत लिहिलंय का बघ, ते हटकून राहतं.

योगा कर म्हणणाऱ्यांना मान डोलाव. उद्या चहाला ये, सात नंबरच्या बेडबद्दल बोलायचंय.