१२ लाखांना घेतलेल्या गाडीचे ५ वर्षांत साडेचार लाखच येतायत. विकू की थांबू?

तुमचा प्रश्न वाचला आणि तपासायला घेतलेले पेपर बाजूला ठेवले. डिसेंबर २०२० ला ऑन रोड १२ लाखांना घेतलेली पेट्रोल गाडी, एकच मालक, अपघात नाही, आणि डीलर साडेचारच्या वर सरकत नाही, तर तो फसवतोय का, असं तुम्ही विचारलंय. नाही फसवत. १२ लाखांतले पावणेदोन लाख गाडीचे नव्हतेच, ते रोड टॅक्स, इन्शुरन्स आणि असल्याच गोष्टींत गेले. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, पुढे वीसपर्यंत १२ टक्के टॅक्स, डिझेलला त्याहून दोन टक्के जास्त, आणि यातला एक पैसा गाडी विकताना कोणी मोजत नाही. म्हणजे गाडी सव्वादहाची. इन्शुरन्सवाल्यांचा आयडीव्हीचा, म्हणजे विम्यासाठी गाडीची किंमत किती धरायची त्याचा, तक्ता बघा, किमतीतून सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षात १५, दोन वर्षांत २०, तीनला ३०, चारला ४०, पाचला ५०. आले ना पाच लाख? त्यात डीलरने स्वतःचा नफा आणि रंगरंगोटीचा खर्च धरला की साडेचार. वर २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, नवीच गाडी स्वस्त झाली तर जुनीला कोण जास्त देईल.

हे सगळं मला एवढं पाठ का, तर मी कराडला ज्युनिअर कॉलेजला कॉमर्सच्या पोरांना बुककीपिंग शिकवते आणि अकरावीला घसाऱ्याचं, म्हणजे वापराने वस्तूची किंमत दरवर्षी किती उतरते त्याचं, अख्खं प्रकरण आहे. सरळ रेषा पद्धत (दरवर्षी सारखाच घसारा) आणि ऱ्हासमान शेष पद्धत (दरवर्षी उरलेल्या किमतीवर घसारा), दोन्ही फळ्यावर इतक्या वेळा मांडल्यात की झोपेत सांगेन. आणि तरी माझ्या स्वतःच्या घरात सव्वाआठ लाख गेले. ते आजही बोचतं, म्हणून हे लांबणार आहे.

२०१३ ची गोष्ट. आमच्याकडे तेव्हा माझी ॲक्टिव्हा आणि मिस्टरांची मोटरसायकल. मुलगी सहा वर्षांची, सासूबाईंचे गुडघे गेलेले, गाडी हवी होती हे मलाही मान्य होतं. माझं म्हणणं एवढंच की तीन-चार वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक घेऊ, तीन लाखांत येते, एफडीतून होऊन जाईल. मोठे दीर, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी नुकतीच डिझेल सेडान घेतलेली. ते घरी आले आणि सोफ्यावर बसून मिस्टरांना म्हणाले, "दुसऱ्याची उतरलेली गाडी दारात आणतोस होय, लोक काय म्हणतील. डिझेल घे, लिटरमागं वीस-पंचवीस रुपये वाचतात." मी चहा ठेवता ठेवता म्हटलं आप्पा, वाचतात, पण किती किलोमीटर फिरणार आपण? माझं कॉलेज तीन किलोमीटरवर, ह्यांचं ऑफिस चालत दहा मिनिटांवर. तर म्हणाले, "अगं, पुस्तकातलं गणित घरात नको आणूस."

मी तेव्हा गप्प बसले. आजही मला राग येतो तो याचा.

गणित काही अवघड नव्हतं हो. तीच गाडी पेट्रोलमध्ये सव्वा लाखाने स्वस्त होती. पेट्रोलवर किलोमीटरला पाच रुपयांच्या पुढे खर्च येत होता, डिझेलवर पावणेतीन, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन-अडीच रुपये वाचणार. सव्वा लाख वसूल व्हायला पन्नास हजार किलोमीटरच्या वर गाडी पळायला पाहिजे. आमचं फिरणं म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुणे, वर्षातून एकदा पंढरपूर, कोल्हापूरला अंबाबाई, लग्नं-बारशी, धरून वर्षाला साडेसहा हजार किलोमीटर. आठ वर्षं लागणार नुसतं बरोबरीत यायला. आणि आठ वर्षं तो फरक राहिलाही नाही, ऑक्टोबर २०१४ ला सरकारने डिझेलचे भाव खुले केले आणि पुढच्या काही वर्षांत पेट्रोल-डिझेलमधलं अंतर कमी कमी होत गेलं.

ऑन रोड १० लाख ६० हजार. सात लाखांचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता १५ हजार २२०. दोन लाखांची एफडी मोडली. उरले एक लाख साठ हजार, ते माझ्या पाटल्यांतून आले.

आईने लग्नात घातलेल्या, दोन मिळून सहा तोळे. पाडव्याला, ११ एप्रिलला, डिलिव्हरी घ्यायची म्हणून त्याच्या आठवडाभर आधी सराफाकडे गेलो. त्याने एक पाटली उचलून काळ्या दगडावर घासली, मग दुसरी, मग दोन्ही काट्यावर ठेवल्या आणि काचेवर सरकवून कागदाच्या चिठोऱ्यावर पेन्सिलीने घट वजा करून आकडा लिहिला. एका पाटलीच्या आतल्या बाजूला आईच्या आद्याक्षराचं बारीक कोरलेलं होतं, ते दाखवायला मी ती परत हातात घेतली, तर त्याला वाटलं मी विचार बदलला. मी परत ठेवली. तेव्हा तोळा २९ हजारांच्या आसपास होता.

आणि झालं काय, पाडवा झाल्यावर दोन-चार दिवसांतच सोनं धाडकन पडलं, २६ हजारांपर्यंत आलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सोन्याचं काय झालं होतं ते ज्यांना आठवतंय त्यांना कळेल. आप्पांचा मुद्दाम फोन आला, "बघ, वाचलीस, वेळेत विकलंस." पुढची दोन वर्षं घरात तेच वाक्य ऐकलं. आज तोळा लाखाच्या वर आहे. त्या पाटल्यांचे आज मोडीतसुद्धा साडेपाच लाखांच्या वर आले असते. सोनं कायम वाढतंच असं मी म्हणत नाही, पण आईचं सोनं पडत्या किमतीच्या वस्तूत घालायचं नसतं एवढं मला तेव्हाही कळत होतं.

गाडी वाईट नव्हती, हे प्रामाणिकपणे लिहिते. पुण्याला जाताना तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर तिन्ही टोल ओलांडून सासूबाई कधी "पाय अवघडले" म्हणाल्या नाहीत. पण आठवड्यातले पाच दिवस ती कव्हर घालून उभी. शोरूममध्येच अलॉय व्हील, टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, मोठी स्क्रीन असं ३८ हजारांचं गळ्यात मारलं होतं, ते वेगळं. थंड इंजिनावर मंडईपर्यंत जायचं आणि परत यायचं, डिझेल गाडीला असला वापर मानवत नाही. डिसेंबर २०२१ ला ती झटके मारायला लागली, गॅरेजवाल्याने इंजेक्टर आणि क्लच मिळून ८५ हजारांचं एस्टिमेट दिलं आणि मी ठरवलं की आता बास.

जानेवारीत कराडशेजारच्या मलकापूरला हायवेच्या एका डीलरकडे नेली. पोरगं पंचविशीचं असेल. त्याने बॉनेट उघडण्याआधी खाली बसून मोबाईलचा टॉर्च टायरवर मारला आणि म्हणालं, "मॅडम, हे बघा, ०९१३. नववा आठवडा, २०१३. ओरिजिनल टायर आहेत." मी म्हटलं, मग चांगलंय ना, नक्षी सगळी शाबूत आहे. त्याने नखाने कडेची बारीक चीर दाखवली. "नक्षी आहे, पण रबर वाळलंय. चारी बदलावे लागणार." मग दारं, पत्रा, रंग मोजायचं यंत्र, सर्व्हिसचं बुक. शेवटी म्हणालं डिझेल सेडान आता कोण घेत नाही मॅडम, आणि ते खोटं नव्हतं. १ एप्रिल २०२० ला बीएस सिक्स हा धुराचा कडक नियम आला तेव्हा मारुतीने डिझेल बंदच केलं, दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदी होती, तिकडच्या गाड्या एनओसी काढून इकडे यायच्या, गिऱ्हाइकाला स्वस्तात पर्याय मिळायचा. २ लाख ३५ हजार. ५८ हजार किलोमीटर झाले होते.

१० लाख ६० हजारांतून २ लाख ३५ हजार वजा करा. सव्वाआठ लाख. भागिले ५८ हजार. किलोमीटरला १४ रुपये २० पैसे, नुसता घसारा. यात डिझेल नाही, इन्शुरन्स नाही, सर्व्हिसिंग नाही, कर्जाचं दोन लाख तेरा हजार व्याज नाही. त्या वर्षांत आमच्या गल्लीतला ओळखीचा गाडीवाला ड्रायव्हरसकट नऊ-दहा रुपये किलोमीटरने न्यायचा. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलंय, प्रत्येक पावतीसकट.

आता आप्पांचं म्हणणं. ते आजही प्रत्येक कार्यक्रमात सांगतात की गाडी बरोबर होती, तुम्ही चुकीच्या वेळी विकली, २०१६ ला विकली असती तर सहा लाख आले असते. आणि तुमच्या प्रश्नाखालीही दोघांनी तुम्हाला हेच सांगितलंय, "तिसऱ्या वर्षी विकायला हवी होती." साफ चूक आहे. २०१६ ला सहा लाखांना विकली असती तर तीन वर्षांत चार लाख साठ हजार गेले असते, वर्षाला दीड लाखाच्या वर. मी पावणेनऊ वर्षं ठेवली तर वर्षाला ९४ हजार गेले. किलोमीटरने बघायचं तर तीन वर्षांत वीस हजार झाले होते, म्हणजे तेवीस रुपये किलोमीटर. लवकर विकून नुकसान कमी होत नाही, उलट सगळ्यात महागडी वर्षं तुम्ही भोगता आणि स्वस्त वर्षं पुढच्या मालकाला देता. ऱ्हासमान शेष म्हणजे हेच, पहिल्या वर्षाचा घसारा सगळ्यात मोठा. आमचं नुकसान २०२२ ला झालंच नाही, ते पाडव्याला पेढे वाटले त्या दिवशीच झालं होतं, फक्त पावती नऊ वर्षांनी हातात आली.

म्हणून तुमचं उत्तर: ठेवा. साडेसात लाख गेले ते गेले, वर्षाला दीड लाखाने. आता साडेचारवरून पुढच्या पाच वर्षांत ती दोनवर आली तरी वर्षाला पन्नास हजार. तुम्ही गाडीची स्वस्त वर्षं आत्ता सुरू करताय आणि ती विकून परत नवी घेतलीत तर पुन्हा पहिल्या पायरीवर.

मी नंतर काय केलं ते सांगते, कारण याचा मला अभिमान आहे. फेब्रुवारी २०२२ ला २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ३१ हजार चाललेली, ३ लाख ८५ हजारांना, कर्ज न काढता, माझ्या नावावर. टायरवरचा आकडा मी स्वतः वाकून वाचला. आप्पा अजून तिला "उतरलेली" म्हणतात. चार वर्षांत २४ हजार किलोमीटर झाले आणि परवा किंमत काढली तर २ लाख ८० हजार सांगितले. एक लाख पाच हजार भागिले चोवीस हजार, साडेचार रुपयांच्याही आत. गेल्या पाडव्याला पुतण्या साडेतेरा लाखांच्या गाडीचं कोटेशन घेऊन आला तेव्हा मी त्याच्यापुढे वही ठेवली, आप्पा समोर बसलेले असताना. तो बराच वेळ आकडे बघत होता. गाडी अजून घेतलेली नाही.

बाकी, ज्यांचं रोजचं शंभर-दीडशे किलोमीटर फिरणं आहे त्यांना माझं डिझेलचं गणित लागू नाही, त्यांची डिझेल गाडी खरंच पैसे वाचवायची. आणि ज्याला नवी गाडी परवडते, हौस आहे, त्याने घ्यावी, फक्त तिला गुंतवणूक म्हणू नये. जुनी घेताना मला चांगली मिळाली यात ओळखीच्या मेकॅनिकचा मोठा वाटा आहे, नुसत्या फोटोंवर घेऊ नका.

आणि तुम्ही विकायचंच ठरवलं असेल तर डीलरला द्यायच्या आधी एखादं थेट गिऱ्हाईक बघा, तीस-चाळीस हजार जास्त येतील. कर्ज फिटलं असेल तर आरसीवरचा बोजा फॉर्म ३५ ने उतरवा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो, इन्शुरन्सवाल्याकडून त्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के आहे, लोक विसरून सोडून देतात. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या करून चावी देऊ नका, आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत मागे लागा, तोवर काही अपघात झाला तर नोटीस तुमच्याच घरी येते.

तुमची गाडी किती किलोमीटर झालीय ते लिहिलं नाहीये तुम्ही. ते कळवा, म्हणजे किलोमीटरचा हिशोब मांडून देते.