एकाच मॅचच्या फँटसी फुटबॉलला टीम कशी लावायची?

साताऱ्याच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे दीर टेक्सासला असतात. ते घरच्या ग्रुपवर दर आठवड्याला अमेरिकन फुटबॉलच्या एका मॅचची फँटसी टीम लावायला सांगतात, म्हणजे खरे खेळाडू निवडायचे आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. नियम आणि खेळाडूंचे भाव ड्राफ्टकिंग्ज या अमेरिकन फँटसी साइटच्या शोडाउनचे, म्हणजे एकाच मॅचच्या खेळाचे, असतात आणि पैसे कोणी लावत नाही. ताई दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक (पास फेकणारे), दोन्ही डिफेन्स (संघाचा अख्खा बचाव, एक खेळाडू धरून) आणि दोन्ही किकर (चेंडूला लाथ मारून गुण करणारे) घेतात. जिंकेल असं वाटतं त्या संघाच्या क्वार्टरबॅकला कॅप्टन करतात. तरी नंबर कायम खालून दुसरा-तिसरा. चुकतं कुठे? आणि मॅच आपल्याकडे पहाटे असते, तर रात्रीच टीम पाठवून झोपलं तर चालेल का?

ताई, तुमचे सहाही जण आपापल्या जागी चांगले आहेत, पण ते एका मॅचचे नाहीत. दोन क्वार्टरबॅक भरपूर गुण आणतील ती मॅच वेगळी आणि दोन डिफेन्स गुण आणतील ती मॅच वेगळी. एका रात्री दोन्ही होत नाही. अर्धी टीम एका अंदाजावर आणि अर्धी उलट अंदाजावर लागली, की काहीही झालं तरी तीन जण मागे पडतातच.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो. भाचा न्यू जर्सीत आहे आणि बरेच सीझन आम्ही दोघं हाच खेळ अशाच पद्धतीने खेळतोय. मला तो मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम दोन ओळींत. सहा खेळाडू, बजेट ५०,००० डॉलर, दोन्ही संघांतून निदान एक तरी माणूस हवा. सहांपैकी एक कॅप्टन. त्याचे गुण दीडपट होतात, पण भावही दीडपट होतो. आपली ड्रीम इलेव्हनची सवय इथेच आड येते. तिथे कॅप्टनला दुप्पट गुण मिळायचे आणि क्रेडिट तेवढेच लागायचे. सांगलीत तर मॅचमध्ये स्मृती मानधना असली की कॅप्टन कोण हा प्रश्नच नसायचा, आणि तिथे ते बरोबरही होतं, कारण सर्वांत मोठ्या खेळाडूला कॅप्टन करायला जादा काही मोजावं लागत नव्हतं. इथे मोजावं लागतं.

हिशोब करून बघा. समजा क्वार्टरबॅकचा भाव ११,००० आहे आणि त्याच्याच संघातल्या रिसीव्हरचा, म्हणजे त्याचे पास झेलणाऱ्याचा, ९,०००. क्वार्टरबॅक कॅप्टन केला तर दोघांचे मिळून २५,५०० जातात. रिसीव्हर कॅप्टन केला तर २४,५००. आता समजा क्वार्टरबॅकने २४ गुण केले आणि रिसीव्हरने २०. पहिल्या मांडणीत ५६ होतात, दुसरीत ५४. म्हणजे दोन गुण सोडून हजार डॉलर वाचले. त्या हजारात सहावा माणूस कधी कधी पूर्ण वेगळ्या दर्जाचा मिळतो. आणि रिसीव्हर क्वार्टरबॅकच्या पुढे निघून गेला, जे अधूनमधून घडतंच, तर गुणही जास्त आणि पैसेही कमी.

आता खरा मुद्दा. टीम लावताना मी वहीत आधी खेळाडूंची नावं लिहीत नाही. आधी एक वाक्य लिहितो, मॅच कशी जाईल याचं. उदाहरणार्थ, ‘दोघंही मारत सुटतील, शेवटच्या मिनिटापर्यंत चालेल.’ किंवा ‘यजमान लवकर पुढे जातील आणि मग चेंडू घेऊन पळून पळून वेळ काढतील.’ किंवा ‘गुण कमी होतील, किकरवर येईल.’ मग सहा नावं अशी निवडायची की ते वाक्य खरं ठरलं तर सहाही जणांचं भलं होईल. वाक्य खोटं ठरलं तर टीम जाते, ते मान्य करायचं. सगळीकडून सुरक्षित राहणारी टीम या खेळात मधल्या नंबरालाही पोचत नाही.

दोन जुन्या मॅच घेऊ, म्हणजे नीट कळेल. दोन्ही सुपर बोल, म्हणजे सीझनच्या फायनल, आहेत आणि खेळाडूंचे गुण ड्राफ्टकिंग्जच्या पद्धतीने मोजलेत.

पहिली, फेब्रुवारी २०२३. चीफ्स ३८, ईगल्स ३५. ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌सने ३०४ यार्डांचे पास फेकले, एक टचडाउन पास दिला (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोल लाइनपलीकडे, शेवटच्या रेषेपलीकडे, नेणं) आणि स्वतः पळून ७० यार्ड आणि तीन टचडाउन केले. त्याचे सुमारे ४५ गुण झाले. सामनावीर ठरला चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स. तीन टचडाउन पास, पण यार्ड १८२च, त्यामुळे पळण्याचे धरूनही त्याचे गुण २४ च्या आतच राहिले. हर्ट्‌सच्या जवळपास निम्मे. ‘जिंकणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक कॅप्टन’ हा तुमचा नियम त्या दिवशी कितीला पडला असता बघा. फँटसीत विजयाला गुण नाहीत. यार्ड, झेल आणि टचडाउन यांना आहेत, मग संघ हरो की जिंको. आणि ईगल्सचा डिफेन्स त्या रात्री शून्याच्याही खाली गेला. तुमच्या पद्धतीने तो टीममध्ये असताच.

दुसरी, फेब्रुवारी २०१९. पेट्रियट्‌स १३, रॅम्स ३. सुपर बोलच्या इतिहासातली सर्वांत कमी गुणांची मॅच. टॉम ब्रेडीसारख्या क्वार्टरबॅकचे गुण दहाच्या आत, समोरचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, त्याचेही दहाच्या आत. पेट्रियट्‌सच्या डिफेन्सने मात्र चार सॅक (क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणं), एक इंटरसेप्शन (त्याचा पास मध्येच पकडणं) आणि फक्त ३ गुण दिल्याबद्दल मिळून १३ कमावले. किकर गॉस्टकोव्स्की ९. आणि ब्रेडीचा रिसीव्हर ज्युलियन एडलमन, १० झेल, १४१ यार्ड, एकही टचडाउन नाही, तरी २७ च्या पुढे. कॅप्टन तोच हवा होता.

म्हणजे तुमचे क्वार्टरबॅक पहिल्या मॅचला चालले असते आणि डिफेन्स-किकर दुसऱ्या. तुम्ही प्रत्येक आठवड्याला दोन्ही मॅच एकदम लावताय.

त्या दुसऱ्या मॅचमधली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. रॅम्सने अख्ख्या मॅचमध्ये ३ गुण केले. तरी त्यांच्या ब्रँडिन कुक्सने ८ झेल आणि १२० यार्डांवर २३ फँटसी गुण मिळवले. मागे पडलेल्या संघाला पळत बसायला वेळ नसतो, त्याला फेकावंच लागतं आणि फेकलं की कोणाच्या तरी हातात जातं. म्हणून एका संघाचे चार-पाच जण घ्यायचे ठरवलं, तरी समोरचा एखाददुसरा घेताना त्यांचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घेऊ नका, रिसीव्हर घ्या. पिछाडीवर असताना सर्वांत आधी काम जातं ते रनिंग बॅकचं. पास झेलणारा रनिंग बॅक असेल तर गोष्ट वेगळी. प्रत्येक झेलाला एक गुण आहे हे विसरायचं नाही.

कोण कोणाबरोबर घ्यायचं, हे एका चेंडूवरून सांगतो. क्वार्टरबॅकने २० यार्डांचा पास दिला आणि टचडाउन झालं. पासच्या २५ यार्डांना एक गुण, म्हणजे २० ला ०.८ आणि टचडाउन पासचे ४, असे क्वार्टरबॅकला ४.८. रिसीव्हरला झेलाचा १, यार्डांचे २ आणि टचडाउनचे ६, असे ९. एका फेकीत तुमच्या टीमला १३.८ गुण. दोघांपैकी एक कॅप्टन असेल तर आणखी. क्रिकेटमध्ये असं होत नाही, तिथे धावा ज्याच्या त्याच्या. म्हणून क्वार्टरबॅक घेतला की त्याचा निदान एक रिसीव्हर किंवा टाइट एंड (हाही पास झेलतो) घ्यायचाच. तुमच्या टीममध्ये दोन क्वार्टरबॅक आहेत आणि त्यांचे चेंडू झेलणारं कोणीच नाही! ती सगळी नऊ-नऊची टचडाउन ग्रुपमधल्या दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात जाताहेत.

रिसीव्हरला कॅप्टन करण्याला एकच अपवाद मी करतो, तो हर्ट्‌ससारख्या पळणाऱ्या क्वार्टरबॅकचा. तो गोल लाइनवरून स्वतःच घुसतो, सहाचे सहा गुण त्याचेच. असा क्वार्टरबॅक महाग असला तरी कॅप्टन करण्याजोगा असतो आणि त्याला जोडीदार एक पुरतो. जो नुसता उभा राहून फेकतो, त्याच्या बाबतीत मी बहुतेक वेळा त्याच्या रिसीव्हरलाच कॅप्टन करतो.

क्वार्टरबॅक आणि समोरचा डिफेन्स एकत्र कधीच नको. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

किकर वाईट नसतो, पण त्याच्या गुणांना मर्यादा असते. ४० यार्डांच्या आतल्या फील्ड गोलला (लाथेने खांबांमधून मारलेला गोल) ३ गुण, पन्नाशीच्या पुढच्याला ५, टचडाउननंतरच्या किकला १. चांगल्या दिवशी दहा-बारा होतात. कमी गुणांची मॅच वाटत असेल तर एक किकर जरूर घ्या, स्वस्तही असतो. दोन मात्र तेव्हाच, जेव्हा वहीतलं वाक्य स्पष्ट ‘फील्ड गोलची मॅच’ असं असेल. आणि किकरला कॅप्टन करू नका.

मॅच कशी जाईल हे ठरवायचं कशावरून, असं तुम्ही विचाराल. तिकडे सट्टेबाजांनी काढलेला एकूण गुणांचा आकडा आणि फरकाचा आकडा बातम्यांत सर्रास छापून येतो. पैसे न लावताही तो वाचायला हरकत नाही. एकूण ५०, फरक ६ असा असेल तर अंदाज २८-२२ चा. सुरुवात म्हणून तो चांगला, पण देववाणी नव्हे. वरच्या २०१९ च्या मॅचला अंदाज ५६ च्या आसपास होता आणि झाले १६. म्हणून त्या आकड्यावर मी हवामान घालतो. पावसापेक्षा जोराचा वारा वाईट, लांबचे पास आणि किक दोन्ही बिघडतात. मग दोन्ही बचाव कसे आहेत ते बघतो.

मोठ्या स्पर्धेत बऱ्याच जणांची टीम तंतोतंत सारखी निघते आणि बक्षीस वाटून जातं, म्हणून तिकडचे खेळाडू मुद्दाम थोडं बजेट शिल्लक ठेवतात, आडवळणाचा कॅप्टन घेतात. तुमच्या घरच्या ग्रुपला त्याची गरज नाही. दहा-बारा जणांत जो अंदाज सर्वांत संभवनीय वाटतो तोच लावा आणि बजेट शक्य तेवढं वापरा. तुमच्या सध्याच्या टीममध्ये चार-चार हजारांचे डिफेन्स आणि किकर असल्याने पाच-सात हजार नुसतेच पडून राहत असणार. एक चांगला रिसीव्हर त्यातच बसतो.

सगळ्यांत स्वस्त आणि कामाचा माणूस सापडतो तो दुखापतीच्या यादीत. भाव आधीच ठरलेले असतात. नंतर पहिला रनिंग बॅक दुखापतीने बाहेर बसला, तर त्याच्या जागी येणाऱ्याचा भाव तोच जुना, पडेल राहतो आणि काम मात्र पूर्ण मिळतं. अशा एका माणसामुळे महागडा कॅप्टन परवडतो.

आता झोपेचं. कोण खेळणार नाही याची शेवटची यादी मॅचच्या ९० मिनिटं आधी येते. रविवार रात्रीची मॅच त्यांच्या पूर्वेकडच्या वेळेने ८ वाजून २० मिनिटांनी असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती आपल्याकडे सोमवारी पहाटे ५:५० ला सुरू होते, म्हणजे यादी ४:२० ला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग मॅच ६:५० ला आणि यादी ५:२० ला. गुरुवार-सोमवारची मॅच सहसा पाच मिनिटं आधी, आपल्याकडे शुक्रवारी आणि मंगळवारी पहाटे. मी पाचचा गजर लावतो, चहा ठेवतो, यादी बघतो आणि भाच्याला अंतिम टीम पाठवतो. पण तुमच्या घरी पहाटे उठणं जमत नसेल तर दुसरा रस्ता आहे. टीममध्ये ‘क्वेश्चनेबल’ (खेळेल की नाही ते नक्की नाही) असं लिहिलेला कोणी असेल, तर रात्रीच दिरांना एक ओळ जास्त पाठवा: ‘हा नसेल तर त्याच्या जागी हा.’ बदली खेळाडू तेवढ्याच किंवा कमी भावाचा निवडा, म्हणजे बजेट हलत नाही. त्यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, ते बदलू शकतील. फक्त ही सोय ग्रुपवरच्या सगळ्यांना सारखी असावी, हे आधी बोलून घ्या.

एक विनंती. दीर कधी गंमत म्हणून ‘माझ्या खात्यातून तुझ्या नावाने पैसे लावतो’ म्हणाले, तरी नको म्हणा. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झालेत.

पुढच्या मॅचला दोन्ही संघांची नावं, एकूण आकडा आणि तुमचं एक वाक्य इथे कमेंटमध्ये लिहा. मी टीम लावून देणार नाही, पण तुम्ही लावलेल्या सहांपैकी त्या वाक्यात कोण बसत नाही ते नक्की सांगेन.