सहावा तास हातात राहत नाही, म्हणून राजीनामा द्यावा का?

प्रश्न : मी एम.एस्सी., बी.एड. आहे. पवित्र पोर्टलमधून (शासनाच्या शिक्षक भरतीतून) बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद प्रशालेत शिक्षण सेवक म्हणून रुजू होऊन सात महिने झाले. नववीला गणित शिकवते, वर्गात ५४ मुलं. मधल्या सुट्टीनंतरच्या सहाव्या तासाला वर्ग आवरतच नाही. नोकरी सोडून एमपीएससी करावी असं वाटतं, घरचे मात्र ‘टिकून राहा’ म्हणतात. मी शिक्षक व्हायच्या लायकीचीच नाही का?

उत्तर : बाकीच्या तासांबद्दल पत्रात तक्रार नाही, म्हणजे ते बरे जात असावेत. तेव्हा लायकीचं राहू द्या, सहाव्या तासाचं बोलू.

बी.एड.च्या सराव पाठात मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले असतात, त्यांच्या धाकानं वर्ग शांत असतो. रोजचा वर्ग धरायला तिथं कोणी शिकवत नाही. नवे शिक्षक बहुधा एकाच ठिकाणी फसतात : पाच-सहा मिनिटं फळ्याकडे तोंड करून अख्खं उदाहरण उतरवतात. तेवढ्यात मागची बाकं गेलीच.

दोन सोपी गणितं मुलं वर्गात यायच्या आत फळ्यावर लिहून ठेवा. ती सोडवेपर्यंत बैठक तक्त्यावरून हजेरी घ्या. ५४ नावं पुकारण्यातच चार मिनिटं जातात. नवं उदाहरण एकेक पायरी करत, जास्तीत जास्त १२ मिनिटं. पुढची १५ मिनिटं मुलांनी वहीत सोडवायचं आणि तुम्ही बाकांमधून फिरायचं, सुरुवात मागून. शेवटी प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एक गणित सोडवून घ्या. ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात, चिठ्ठी खोटं बोलत नाही.

चिठ्ठ्या पाहिल्यावर गोंधळाचं मूळ बहुतेक सापडेल. बहुपदींची वजाबाकी करताना मुलं कंसातल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलतात, दुसरं तसंच ठेवतात. वजा सात अधिक चार म्हणजे वजा अकरा लिहिणारेही निघतील. हे आधीच्या वर्गांतून आलेलं आहे, तुमच्या शिकवण्यातून नाही. अशा मुलाला नववीचा धडा कितीही रंगवून शिकवा, तो दंगाच करणार. आठवड्यातले दोन तास फक्त चिन्हं आणि अपूर्णांकांना द्या, टाचणात, म्हणजे पाठाच्या नोंदवहीत, तसं नोंदवा. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेल्या घरांतली मुलं मार्च-एप्रिलकडे परततील, त्यांच्यासाठी याच चिठ्ठ्या जपून ठेवा.

मुख्याध्यापकांना वेळापत्रक बदला म्हणू नका, वर्षाच्या मध्यात कोणी ऐकत नाही. आठवड्यातले दोन दिवस सहावा तास सकाळच्या तासाशी बदलून मागा. शिवाय ऑफ तासाला जुन्या शिक्षकांच्या वर्गात बसा. तेही याच नववीच्या, कारण तीच मुलं तिथं कशी वागतात ते कळायला हवं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. शिक्षण सेवकाला माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधन, तेही तीन वर्षं; घरभाडं आणि एसटीचा पास काढून हातात फार उरत नाही, हे खरंच आहे. तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी ३८,६०० मूळ वेतनापासून सुरू होते. घरचे ‘टिकून राहा’ म्हणतात ते बहुधा या हिशेबानं, पण नुसत्या पगारासाठी टिकलेला माणूस वर्गात लगेच ओळखू येतो.

एमपीएससी वाईट नाही. मात्र राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिला रोजचा लिहिण्याचा सराव लागतो. सहावा तास चुकवायला म्हणून ती धरू नका. वरची पद्धत सहा आठवडे करा आणि रोज एकच नोंद ठेवा : किती चिठ्ठ्या बरोबर आल्या. आकडा वाढत असूनही शाळेत जावंसं वाटत नसेल, तर राजीनाम्याचा विचार जरूर करा. तोवर अर्ज लिहू नका.