लेगोच्या घरात लाईट बसवायचे आहेत: तयार किट घ्यावं की स्वतः करावं?

मुलीनं बांधलेल्या लेगोच्या घराला आतून लाईट लावायचे आहेत, तयार किट घ्यावं की स्वतः करावं, आणि ब्रिकना भोकं पाडावी लागतात का, असं तुम्ही विचारलंय. आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगते. भोक पाडू नका. एकही नाही.

ब्रिकवर ब्रिक बसतो तेव्हा शेजारच्या दोन स्टडच्या, म्हणजे ब्रिकच्या डोक्यावरच्या गोल गुंड्यांच्या, मधे 3.2 मिलिमीटरची गल्ली मोकळी राहते. स्टड 4.8 मिलिमीटरचा, आणि दर 8 मिलिमीटरला एक. त्या गल्लीतून बारीक तार सहज बाहेर निघते आणि वरचा ब्रिक घट्टच बसतो. फक्त तार स्टडच्या अंगावरून नेऊ नका, तिथं ती चेपते आणि सोलली जाते. तार कुठली, तर पंख्याच्या वाइंडिंगची 36 गेज एनामल तार, म्हणजे विजेला अडवणारा पातळ थर दिलेली तांब्याची तार. जाडी 0.19 मिलिमीटर. कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते. पंचवीस ग्रॅम मागितली तर आमच्यासारखे लोक पैसेही घेत नाहीत.

आमच्यासारखे म्हणते, कारण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बाबांचं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरला नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे आणि आता ते मी चालवते. बारावीपासून पंखे भरतेय. त्यामुळे "तारा फार नाजूक असतात, घरी जमत नाही, किटच घ्या" असं कुणी लिहिलं की मला राहवत नाही.

तर आमचं काय झालं ते सांगते.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1915 चं पॅलेस थिएटर ते. कोल्हापूरच्या माणसाला त्या रात्रीबद्दल वेगळं सांगायला नको. बाबांनी आयुष्यातलं पहिलं नाटक तिथं पाहिलं, आईला लग्नानंतर पहिल्यांदा बाहेर नेलं ते तिथंच. सकाळी ते खासबागेच्या बाजूनं जाऊन बघून आले आणि दोन दिवस दुकानात आले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा म्हणाला, आई, यंदा किल्ल्याऐवजी आपण थेटर बांधूया. घरात सात वर्षांचे सुटे ब्रिक साठलेले, काही लेगोचे, बरेचसे दुसऱ्या कंपन्यांचे. जुने फोटो बघत बघत अठ्ठेचाळीस स्टड लांबीचं, म्हणजे साधारण 38 सेंटिमीटरचं नाट्यगृह उभं केलं. भिंती फिकट राखाडी, छप्पर चॉकलेटी, वरून उचलता येईल असं. पडदा म्हणून माझ्या जुन्या ब्लाउजचं मरून कापड. तेरा दिवस लागले.

लाईटचं काम दादानं मागून घेतलं. माझा थोरला भाऊ मंडपाचं लायटिंग करतो, गणपतीत त्याला झोपायला वेळ नसतो, आणि त्याच्या कामात तो पक्का आहे हे मी कुठंही सांगेन. त्यानं 12 व्होल्टची पिवळी एलईडी पट्टी आणली आणि छताला आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिकटवली. मी म्हटलं, दादा, एवढी नको. तो म्हणाला, "लांबून दिसायला नको व्हय? एवढं बांधलंयस, अंधारात ठेवायला?"

संध्याकाळी घरातले दिवे घालवून बटण दाबलं. फिकट रंगाचा ब्रिक अपारदर्शक वाटतो, पण आत जोराचा उजेड असला की तो भिंतीतून आरपार येतो. सगळ्या भिंती नारिंगी झाल्या. छपराच्या प्रत्येक सांध्यातून पिवळ्या रेघा वर आल्या. खिडक्यांतून, दारातून, सगळीकडून एकसारखा पिवळाजर्द उजेड. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली.

बाबा खुर्चीवरून म्हणाले, "बंद करा की ते."

दादाला वाटलं डोळ्यांवर येतंय. त्यानं विचारलं, काय झालं? बाबांनी तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. म्हणाले, "पेटलंय तसं दिसतंय."

बटण मी बंद केलं. त्या रात्री घरात कुणी त्यावर बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी सगळं परत केलं, आणि तुम्हाला सांगण्यासारखं जे आहे ते इथंच शिकले. पट्टी काढली. भिंतींना आतून स्वयंपाकाची अॅल्युमिनियम फॉइल लावली, म्हणजे उजेड बाहेर झिरपणार नाही. ती चूक होती. एका ब्रिकच्या कोपऱ्यावर दोन्ही तारांचं एनामल खरवडलं गेलं होतं, नखाच्या टोकाएवढंच, पण तिथलं तांबं फॉइलला लागलं आणि चार दिवे एकदम गेले. फॉइल वीज वाहते हे मला, रोज कॉइल भरणाऱ्या बाईला, सुचायला हवं होतं. मग फॉइल काढून काळा चार्टपेपर लावला. तोच लावा. उजेड अडतो आणि शॉर्ट होत नाही.

दिवे घेतले 3 मिलिमीटरचे एलईडी, वॉर्म व्हाइट. पोकळ स्टडच्या भोकात ते अगदी मापात बसतात. 5 मिलिमीटरचे घेऊ नका, त्या भोकात बसत नाहीत. पांढरे शुभ्रही नकोत, घर दवाखान्यासारखं दिसतं. वीज मोबाईलच्या चार्जरची, 5 व्होल्ट. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र 1 किलोओहमचा रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा छोटा तुकडा, तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर एक दिवा जास्त करंट ओढतो आणि बाकीचे मंद पडतात. हिशेब सोपा आहे: दिव्यावर 3 व्होल्ट पडतात, उरलेले 2 रेझिस्टरवर, म्हणजे 2 मिलिअँपिअर. एवढ्याशा करंटला दिवा लागेल का असं दादानं विचारलं होतं. लागतो, आणि मॉडेलच्या खोलीत तेवढाच पुरतो. पॉवर बँक मात्र वापरू नका. एवढा कमी करंट ओढला की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती आपोआप बंद होते.

डाग देताना, म्हणजे सोल्डरनं तार जोडताना, एक गोष्ट. वाइंडिंगच्या तारेला नुसतं सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन घरंगळतं. टोकाचा अर्धा सेंटिमीटर ब्लेडनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं चहूबाजूंनी घासा, तांबं गुलाबीसर चमकलं पाहिजे, मग डाग द्या. आणि डाग ब्रिकपासून लांब, टेबलावर द्यायचा. ब्रिकचं प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सोल्डरिंग गन साडेतीनशेला असते.

मी एकूण सात दिवे लावले. तीन रंगमंचाच्या वरच्या कमानीमागं, तोंड आतल्या बाजूला. दोन खाली, फूटलाईटच्या जागी. एक तिकीट खिडकीत, एक दारावर. प्रेक्षागृहात शून्य. दादा म्हणाला, "खुर्च्या केल्यास त्या दिसणार कशा?" मी म्हटलं, नाटक चालू असताना खुर्च्या कधी दिसल्यात तुला?

लावलं तेव्हा बाबांना आधी सांगितलं नव्हतं. ते चहा घेऊन आले, उभे राहिले, मग वाकून एक डोळा मिटून दारातून आत बघितलं. आत फक्त पडद्याची खालची कड उजळलेली होती. बराच वेळ तसेच होते. मग मुलाला म्हणाले, "तिसरी घंटा झाली काय रे?"

माझं दादाशी भांडण या एकाच मुद्द्यावर आहे आणि इथं लिहून ठेवते, तो वाचेल. मंडपाला लाईट लावतात ते लांबच्या माणसाला बोलवायला. घराला लाईट असतो तो आतल्या माणसासाठी. मॉडेल हे घर आहे. तुम्ही पट्टी चिकटवून सगळं उजळलंत तर तिथं कुणी राहत नाही हेच दिसतं, कारण राहणारा माणूस ज्या खोलीत असतो तिथलाच दिवा लावतो. दादा म्हणतो, मग फोटोत काय येणार? न येऊ दे.

तेव्हा मुलीला विचारा घरात कोण कुठं बसलंय, कुणाचा अभ्यास चाललाय, कोण झोपलंय. चार दिवे खूप झाले. झोपलेल्याच्या खोलीत नकोच.

किटचं विचारलंत ते राहिलं. तुमचा सेट मोठा आणि नावाजलेला असेल, तर त्याच्या मापाचं तयार किट मिळतं. तारा जोडूनच येतात, डाग द्यायला लागत नाही. घरात सोल्डरिंग कधी कुणी केलेलं नसेल तर घ्या, त्यात कमीपणा नाही. पण मुलीनं स्वतःच्या मनानं बांधलेलं घर असेल तर कुठलंच किट त्याला बसणार नाही, तारा कुठं आखूड तर कुठं लांब होतील. आणि किटमध्ये दिवे फार असतात. निम्मे जोडू नका. लेगोचा स्वतःचा दिव्याचा ब्रिक काही सेटमध्ये येतो, पण तो दाबून धरला तरच लागतो, रात्रभर लावून ठेवायला उपयोगाचा नाही.

मुलगी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पाच-सहाच्या आतली असेल, किंवा घरात तिच्याहून लहान भावंड असेल, तर बटण सेलवर चालणारं काहीही आणू नका. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. चार्जर वापरा, तो ओट्याच्या उंचीवर ठेवा, आणि झोपताना प्लग काढा.