जॅकेटवर काळा रेनकोट

प्रश्न: माझा धाकटा भाऊ जूनपासून पूर्व द्रुतगती मार्गावर मदतीच्या गस्ती गाडीवर आहे. बंद पडलेल्या गाडीला टोचन लावणं, स्टेपनी बदलून देणं, अपघात झाला तर रस्ता मोकळा करणं, अशी कामं. ट्रेनिंग म्हणून दोन दिवस प्रथमोपचार आणि आग विझवायचं नळकांडं दाखवलं, तिसऱ्या दिवशी थेट रात्रपाळी. परवा विक्रोळीला चाक बदलताना एक टेम्पो त्याला घासून गेला. तो म्हणतो, ‘चमकत्या पट्टीचं जॅकेट असतं ना अंगात, काही होत नाही.’ त्याला काय समजवावं?
— एक बहीण, भांडुप

उत्तर: ताई, आधी एक सांगा. पाऊस आला की तो जॅकेटच्या वरून रेनकोट घालतो ना? काळा किंवा निळा? मग जॅकेट घरी खुंटीला असलं काय आणि अंगात असलं काय, सारखंच. मी स्वतः अशा गाडीवर एकोणीस वर्षं काढली, पुढे नवीन पोरांना शिकवलं. दर पावसाळ्यात हीच चूक बघितली.

त्या जॅकेटचा भडक रंग दिवसाउजेडी कामाचा. रात्री चमकते ती फक्त रुपेरी पट्टी, तीही समोरच्या गाडीचा उजेड तिच्यावर पडला तर. आमच्या लोकांना ग्रीसचा हात जॅकेटलाच पुसायची खोड, त्यामुळे महिनाभरात पट्टीचा पोतेरा होतो. आणि पट्टी चमकली तरी ती दिसायला ड्रायव्हर जागा हवा. पहाटे तीन ते पाचच्या गाड्या कोण चालवतं, हे भाऊच तुम्हाला सांगेल.

माझी गोष्ट सांगतो. कांजूरजवळ एका मोटारीचं उजवं मागचं चाक बसलं होतं. उजवं म्हणजे वाहत्या रहदारीच्या बाजूचं. पिवळा दिवा फिरतोय, हजार्ड चालू आहेत, म्हणून मी रस्त्याला पाठ करून बसलो नि पाना लावला. जोडीदाराची शिट्टी ऐकू आली म्हणून उडी मारली. जॅक पुढे कुठेतरी सापडला. ठेकेदाराने आधी जॅकचे पैसे कापले, मग माझी चौकशी केली. असो.

त्या रात्रीपासून माझा एकच हट्ट: रहदारीच्या बाजूचं चाक जागेवर बदलायचं नाही. टोचन लावा, नाहीतर क्रेन बोलवा. गाडी आडरस्त्याला किंवा पेट्रोल पंपावर न्या, तिथे निवांत पाने फिरवा. गिऱ्हाईक चिडतं, ‘पाच मिनिटांचं तर काम आहे’ म्हणतं. म्हणू दे.

याचं गणित सोपं आहे. 80 च्या वेगातली गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. ड्रायव्हरच्या डोक्यात प्रकाश पडून पाय ब्रेकवर येईतो दीड सेकंद, म्हणजे 33 मीटर गेलेच. ओल्या रस्त्यावर पुढे थांबायला आणखी साठेक मीटर. म्हणून इशाऱ्याचा चमकता त्रिकोण आणि प्लास्टिकचे शंकू, ज्यांना आम्ही कोन म्हणतो, गाडीच्या बुडाशी मांडून उपयोग नाही, निदान शंभर मीटर, म्हणजे दीडशेक पावलं मागे हवेत. येणाऱ्या ड्रायव्हरला जो कोन पहिला दिसणार तो पहिला ठेवायचा, उचलताना मात्र उलट, तो शेवटी. त्रिकोण छातीशी धरून, चमकती बाजू पुढे करून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड ठेवून चालायचं. परतताना पाठ होते, म्हणून परत यायचं ते लोखंडी कठड्याच्या पलीकडून.

पोचल्यावर पहिलं काम गाडीचं नाहीच, माणसांचं. सगळ्यांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे, गाडीच्या मागच्या अंगाला उभं करायचं. पुढे नाही, कारण ठोकर बसली की गाडी पुढेच फेकली जाते. गस्तीची गाडी मागे अंतर सोडून, जरा तिरकी, पुढची चाकं कठड्याकडे वळवून. दोन गाड्यांच्या मधे कुणीही उभं राहायचं नाही, मोबाईलवर बोलायलासुद्धा. उड्डाणपुलावर तर कठड्यापलीकडे रस्ताच नसतो, अंधारात पाय टाकला की माणूस थेट खाली. तिथे दुरुस्ती नाहीच, सरळ ओढून उतरवायचं.

आणि दोघांपैकी एकाने हाताला काम लावायचंच नाही. शिट्टी तोंडात, नजर रस्त्यावर. पाहणारा म्हणजे रिकामटेकडा असं साहेबांना वाटतं, आणि रात्रपाळीला माणूस कमी पडला की आधी त्यालाच हलवतात. भावाने ठेकेदाराला विचारायचं झालं तर हेच विचारावं: रात्री गाडीवर दोन माणसं लेखी आहेत का? ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्डही हातात आलंय का, ते तुम्ही बघा. दोन दिवसांच्या ट्रेनिंगवर भांडण्यात अर्थ नाही. एखाद्या जुन्या माणसाबरोबर महिनाभर दिवसपाळी मागून घ्यावी. आठ दिवस नुसतं कोन मांडून उचलायला लावणारा वस्ताद मिळाला तर नशीब समजा.

ट्रकवाल्यांचा एक ताप राहिलाच. चाकाखाली दगड लावतात, मागे फांद्या टाकतात आणि गाडी सुरू झाली की सगळं तिथेच सोडून पसार. ते दगड उचलल्याशिवाय जागा सोडायची नाही. मागून येणारा दुचाकीवाला त्यावरच जातो.

रेनकोट मात्र याच आठवड्यात घ्या. पिवळा, छातीवर आणि पाठीवर रुपेरी पट्टी असलेला. नागदेवी स्ट्रीटला बघा. मापापेक्षा एक नंबर मोठा घ्या, नाहीतर उकिडवं बसलं की पाठीवर ताणतो आणि वैतागून पोरं काढून ठेवतात.